निरोपांचा डबा

४ फेब्रुवारी
डबा बसला! माझ्याच घरात, देवळीत. नात प्राचीनं जुना कम्प्युटर दुरुस्त करून आणला. आमच्या नऊ बायांच्या भाजीगटाचे निरोप आता परक्या कंपनीकडं नाही, ह्याच्यात राहतील. काऊन? आम्ही मोबाईलवर ठरवलं, उद्या चिखलीले मेथी न्यायची — की तिथला व्यापारी रामराव आधीच दुसरीकडून मेथी घेऊन बसते! म्हणते, "बाई, मेथी तर भरपूर झाली." मग भाव काय येईन, कपाळ!
डब्याले कुंकू लावलं. प्राची ओरडली, "आजी, आत जाईन ते!" बोटभर तर लावलं.

६ फेब्रुवारी
गप्पांचे ॲप दोन, ठेवायचं एक. सोयरीक पाहावी तसं पाहिलं आम्ही. एक लय नटवं — तोंडं दिसते, चित्रं नाचते, पण गटातल्या कोकिळाच्या जुन्या फोनात उघडतच नाही. दुसरं साधं, मुकाट निरोप नेते. माझं मत साध्याले. नवराही साधाच पाहिला होता, पस्तावली नाही. (हे ह्यांनी वाचू नये. फुगतील.)
पण रामरावकडं बातमी फोडणारं कोणतं? मी युक्ती काढली — दोन्हींत खोटं टाकायचं! नटव्यात टाकलं, वांगी नेतो. साध्यात, गवार नेतो.

९ फेब्रुवारी
दोन्ही फुटलं — रामरावले वांगीही ठाऊक, गवारही! म्हणजे ॲप नाही, माणूस.
सगळ्या गटातल्या बनाबाईकडं पाहायले लागल्या. तिचा भाचा प्रज्वल रामरावकडं मापाडी आहे ना. कोकिळा म्हणाली, "काढा हिले गटातून." बनाबाई म्हणाली, "चाळीस वर्षं एका विहिरीवर पाणी भरलं, अन् आता मी चोर?" मी म्हटलं, आधी पक्कं कळू द्या.

१० फेब्रुवारी
प्राचीनं साध्या ॲपात गप्पांची नवी खोली केली — फक्त ती अन् मी. म्हणाली, "आजी, इथं खोटं टाक. रामरावले कळलं नाही तर फितूर गटातलीच, म्हणजे बनाबाई." बाजारातून येताना टाकून दिलं — उद्या वीस भोपळे! देवा, तिचं नाव नको येऊ देऊ.

११ फेब्रुवारी
रामराव हसत म्हणाला, "काय आजी, भोपळे कुठं राह्यले?"
खोलीत तर आम्ही दोघीच! प्राची कॉलेजात. मग मीच?
अन् लख्ख दिसलं. माझं बोट जाड, अक्षरं दबत नाही. म्हणून येतानाच्या जीपीत फोन तोंडाशी धरून बोलते — पोचावं म्हणून ओरडूनच — अन् तो लिहून घेते. मागच्या सीटवर रोज कोण? प्रज्वल!
सगळ्यांसमोर सांगितलं. बनाबाईचे पाय धरायले गेली, तर तिनं पाठीत धपाटा घातला.

१२ फेब्रुवारी
साधं ॲप पक्कं. संध्याकाळी जीपीत, मागं प्रज्वल बसलेला, बनाबाईनं मले चिमटा काढला — "बोल वं, मोठ्यानं! उद्या मुळा नेतो म्हण." उद्या आम्ही टमाटे नेऊन राह्यलो.