बाऊजींचा गोडाचा त्याग

हुबळी

आदरणीय मम्मी,
सादर जय जिनेंद्र.

मी बरी आहे. गोळ्या सुरू केल्या आहेत, सकाळी चालायलाही जाते. खापरला थंडी पडली का? तुझे गुडघे कसे आहेत?

मला मधुमेह निघाल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा तू आधी विचारलंस, "सासरी कोणाला बोलली नाहीस ना?" मग हळूच म्हणालीस, "तुझ्या बाऊजींनाही होता." तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं आणि तू फोन ठेवलास. म्हणून हे पत्र.

माझ्या लग्नात बाऊजी लाडवाला हात लावत नव्हते, तेव्हा त्यांनी गोडाचा त्याग केलाय असं तूच सांगत होतीस. माझे सासरे त्यांच्या पाया पडले होते. पर्युषणात बाऊजी गेले, तेव्हापासून त्यांच्यासाठी मीही गोड सोडलं आहे. माझ्या तपासणीच्या वेळी घरात कोणाला मधुमेह आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी ठामपणे नाही म्हटलं.

मुलींची स्थळं मोडू नयेत म्हणून तुम्ही लपवलंत, एवढं मला कळतं. पण लग्नानंतरही सांगितलं नाहीत. आता बाऊजींची आठवण आली की रडूसुद्धा नीट येत नाही.

माझ्या पाठच्या भावासाठी, अभिनंदनसाठी, मुली बघताय असं ऐकलं. त्याचं रक्त तपासायला हवं. तू त्याला सांगशील असा भरवसा राहिला नाही, म्हणून त्याला मी आजच सगळं कळवलं आहे. मुलीकडच्यांना काय सांगायचं ते तो ठरवेल.

जेवण वेळेवर घेत जा.

तुझी,
एकता