नऊ डब्या आणि एक वैजनाथ

हिंजवडी, पुणे
शनिवार

ती. उत्तरेश्वरमामांच्या चरणी भाचा वैजनाथ याचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपली व सौ. मामींची प्रकृती उत्तम असेलच. नव्हे, या वेळी ती उत्तम असण्याची मला फार गरज आहे (का ते खाली येईल). आमच्याकडे सर्व कुशल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. वारज्याला फोन करता आला असता, पण फोन मामी उचलतात आणि हा विषय मामींशी बोलण्यासारखा नाही. खरं म्हणजे तो कोणाशीच बोलण्यासारखा नाही, आणि सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

भोसरीचा कारखाना बंद पडल्यावर आपणच ओळख काढून मला या सॉफ्टवेअर कंपनीत चिकटवलंत. माझं पद फॅसिलिटी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे नळ गळला, एसी बंद पडला किंवा कंपनीची बस अडकली की बोलणी खाणारा माणूस. मध्यंतरी अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने कळवलं की कँटीनमध्ये अन्नाला हात लावणाऱ्या प्रत्येकाची टायफॉइडसाठी तपासणी झाली पाहिजे, नाहीतर आम्ही आमचं काम दुसरीकडे नेऊ. एचआरच्या पायल मॅडमनी (मुलगी वाईट नाही, फक्त मेलशिवाय बोलत नाही) तातडीने इंग्रजीत मेल काढला. तो सगळ्या इंजिनिअरांना गेला, ज्यांची तपासणी नव्हती. ज्यांची होती त्या कँटीनच्या नऊजणांना ना मेल, ना इंग्रजी. त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. सोबत झाकणाच्या नऊ डब्या आल्या. प्रत्येकीवर नाव, आणि आत ज्याचा त्याचा शौचाचा नमुना भरून घ्यायचा.

मामा, आपणच सांगा, कसं सांगायचं? कँटीनच्या मुख्य कांताबाई माण गावच्या, माझ्या आईच्या वयाच्या. रोज मला शेवटची गरम पोळी राखून ठेवतात. मी दोनदा डब्या घेऊन गेलो आणि दोन्ही वेळा "आमटी छान झाली" एवढंच बोलून परत आलो. त्यांच्या हाताखालच्या मालनबाईंना सांगू म्हटलं, तर त्या देवाच्या नैवेद्याचं बोलत होत्या. शेवटी लॅबचा माणूस खाली येऊन उभा राहिला. नऊ डब्या माझ्या टेबलाच्या खणात कोऱ्या. मग मी त्या पिशवीत घातल्या आणि जे काही करायचं ते स्वतः एकट्याने केलं. (तपशील देत नाही, आपण जेवून वाचत असाल.) मनात म्हटलं, आपल्याला कधी साधा तापही येत नाही, नऊच्या नऊ रिपोर्ट स्वच्छ येतील, आणि कोणालाही लाजेने मान खाली घालावी लागणार नाही.

नऊच्या नऊ डब्यांत टायफॉइडचे जंतू निघाले.

लॅबच्या डॉक्टरांचा फोन आला तो आनंदाने थरथरत. एका स्वयंपाकघरात नऊ माणसं, सगळी वरून धडधाकट, आणि सगळ्यांत एकच जंतू, असं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं म्हणे. ते यावर परिषदेत निबंध वाचणार आहेत. डॉक्टरांनी समजावलं की असा माणूस स्वतः आजारी पडत नाही, पण त्याचा हात ज्याला लागेल त्याला पाडू शकतो. मी फोन दोन बोटांत धरून ऐकत होतो. नंतर तो स्पिरिटने पुसला.

पुढचं काय लिहू! टाकी उपसली, नळाच्या पाण्याला यथेच्छ नावं ठेवून झाली. नुसता मेल वाचूनच निम्म्या इंजिनिअरांच्या पोटात दुखू लागलं. नऊजणांना बिनपगारी घरी बसवलं आणि रिपोर्ट स्वच्छ आल्याशिवाय फाटकाच्या आत घ्यायचं नाही असं ठरलं. तपासणी वेळेवर केल्याबद्दल सर्वांसमोर माझा सत्कार झाला. आणि कँटीन बंद आहे तोवर बाहेरून येणारं जेवण आपल्या हाताने वाटायची जबाबदारी, विश्वासू माणूस म्हणून, माझ्यावर टाकली. अख्ख्या इमारतीत टायफॉइडवाला एकच, मामा, आणि वाढपीही तोच. मी हातमोज्यांवर हातमोजे घालून वाढतो. लोक माझ्या स्वच्छतेचं कौतुक करतात आणि मला रडू येतं.

काल कांताबाई फाटकाशी आल्या. त्यांनी भांडण केलं नाही, केलं असतं तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, "साहेब, आमी कायबी तपासाया दिलं न्हाई, मग आमच्यात जंतू घावला कसा?" मी म्हटलं, आता सगळं कॉम्प्युटरवर कळतं. त्यांनी आमच्या त्या काचेच्या इमारतीकडे वर पाहिलं आणि त्यांना ते पटलं. "मग त्याला म्हनावं, परत एकदा नीट बघ," म्हणाल्या आणि गेल्या. मला त्या क्षणी स्वतःची जितकी किळस आली तितकी त्या डब्या भरतानाही आली नव्हती.

मामींना नमस्कार. चि. श्रद्धाला आशीर्वाद.

आपला अभागी भाचा,
वैजनाथ

ता. क. मुद्द्याचं राहिलं. सोमवारी पुन्हा नमुने द्यायचे आहेत. आपण रोज टेकडी चढता, आपल्या पोटाची ख्याती सगळ्या नात्यात आहे. नऊ कोऱ्या डब्या पत्रासोबत कंपनीच्या बसवाल्याच्या हाती पाठवतो आहे. कृपा करावी. मामींना जांभळाचं औषध भरायला आहेत म्हणून सांगावं.

ता. क. २. आपल्याकडच्या पूजेच्या प्रसादाचा शिरा मीच हाताने द्रोणांत भरला होता, हे आत्ता आठवून घाम फुटला. डब्या भरण्याआधी आपण, मामी आणि श्रद्धा, तिघांनी तपासून घ्यावं.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तोच कांताबाई पुन्हा फाटकाशी. कॉम्प्युटरने बघितलं का, विचारत होत्या. मला पुढे खोटं बोलवेना, सगळं सांगून टाकलं. त्यांनी फाटकातून हात पुढे केला. मग म्हणाल्या, "येवढंच व्हतं तर मागायचं की साहेब. आना त्या डब्या हिकडं." नऊच्या नऊ पदराखाली घेऊन गेल्या. म्हणून सोबत डब्या नाहीत, आपण तसदी घेऊ नये. सोमवारनंतर त्या नऊजणांचे रिपोर्ट स्वच्छ येतीलच, आणि मग आधीचे कोणाचे होते हे डॉक्टर विचारणारच. त्यांनी विचारण्याआधी मीच पायल मॅडमना सांगणार आहे. तेव्हा मामा, आपल्या ओळखीत एखादी नोकरी असेल तर बघावी. पगार कितीही चालेल, फक्त तिथे कोणी जेवत नसावं.