जाड पट्टीचा मॉनिटर

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गेला! चौथीचा तास चालू असताना शाळेचा डबा मॉनिटर फट्ट आवाज करून बंद पडला. जळका वास. आणि पोरं काय करतात, तर टाळ्या वाजवतात! सीपीयू ठीक आहे. म्हणजे धड आहे, तोंड नाही. जैनथला, मंडळाच्या शिक्षण ऑफिसात फोन केला. "अर्जी टाका मॅडम." टाकली. मागच्या वर्षीची खडूंची अर्जी तिथंच असेल, तिला सोबत झाली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गावातले शेतकरी चंपतराव आले, कापसाची वेचणी सोडून! फाटकापासून ओट्यापर्यंत चालले आणि टेकलेच. "ऊन लय हाय." नोव्हेंबरात?

म्हणाले, "टीव्ही मी देतो." त्यांच्या लेखी मॉनिटर म्हणजे टीव्हीच. अट एकच – त्यावर बायकोचं नाव पाहिजे, ठळक. जयवंताबाई याच शाळेत दुसरीपर्यंत शिकल्या. आता त्यांच्या हृदयाची झडप बदलायची आहे, नागपूरला, तीन डिसेंबरला. "डॉक्टर म्हनते, भेव हाय. तिले तिच्या डोळ्यानं पाहू द्या मॅडम. आपल्या गावात मानूस मेल्यावरच नाव लिवते."

मी वर पाहिलं. चार पंखे, चारही पंख्यांच्या पात्यांवर कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. पाच वर्षं त्यांच्या वाऱ्याखाली शिकवतेय, हे कधी मनात आलं नव्हतं.

महिनाअखेरीच्या आत होईल, असं मी सांगून बसले. जीभ आधी, डोकं मागून – नेहमीचंच माझं!

२३ नोव्हेंबर, रविवार

आदिलाबाद. तीन दुकानं, पायांचे तुकडे.

पहिल्या दुकानात बावीस इंची. "मॅडम, फ्रेमलेस है. पट्टी बिलकुल नहीं!" मी विचारलं, मग नाव कुठं लिहू? तो माझ्या तोंडाकडे पाहतच राहिला. दुसऱ्या दुकानातल्याला करंगळीएवढी पट्टी होती, पण आमच्या जुन्या सीपीयूची निळी वायर त्याला लागेना. मागे लिहावं तर मागची बाजू भिंतीकडे. स्टँडवर लिहावं तर तिथं 'जय'सुद्धा मावणार नाही. आमच्या डब्याच्या डोक्यावर अख्खी वंशावळ मावली असती! जग सपाट करून ठेवलं या लोकांनी.

तिसरं दुकान जुन्या मालाचं. कुठल्याशा ऑफिसातून निघालेले मॉनिटर एकावर एक रचलेले. त्यात हा होता. एकोणीस इंची, चौकोनी, काळा, आणि खाली चांगली दोन बोटं जाड पट्टी! निळी वायर लागते. मराठीचं पान उघडून लांबून वाचून पाहिलं, अनुस्वारसुद्धा दिसले. कोपऱ्यात एक ठिपका कायमचा काळा आहे. असू दे, माझ्याही गालावर आहे. सहा महिन्यांची हमी, अठ्ठावीसशे रुपये.

दुकानदार हसला. "सब पतली पट्टी मांगते हैं. आप पहली हैं."

मी म्हटलं, "हमारा काम ही पट्टी का है."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

चालला! पोरांनी आळीपाळीनं आपापलं नाव टाइप केलं. घरी जायला कुणी तयार नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

रविकांत पेंटरला चिठ्ठी दिली – सौ. जयवंताबाई चंपतराव. पांढरा रंग, मोठी अक्षरं. मला जैनथला मीटिंग होती. "तुमी बेफिकीर जा मॅडम. ह्या शाळेतले सारे पंखे माह्याच हातचे हायेत." परत आले तर मॉनिटरवर फडकं टाकलेलं. उद्यापर्यंत हात लावू नका म्हणाला. नाही लावला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

लिहायलासुद्धा लाज वाटते.

जयवंताबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आल्या, चंपतरावांचा हात धरून. फडकं त्यांनीच काढलं. दुसरीतल्या पोरीसारखं बोट ठेवून वाचायला लागल्या आणि बोट पहिल्याच अक्षरावर थांबलं.

कै. जयवंताबाई चंपतराव.

रविकांतच्या हाताची वीस वर्षांची सवय! चिठ्ठी खिशातच राहिली असणार. पण त्याला काय बोलू? काल मी फडकं उचलून पाहिलं असतं तर! चंपतराव पांढरेफटक पडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जयवंताबाई हसल्या. चक्क हसल्या! नवऱ्याला म्हणाल्या, "काऊन जी, इतकी घाई झाली तुमाले?" मग मला, "राहू द्या मॅडम. आपरेशन होऊ द्या, मंग ठरवू."

मी कसली ऐकते! खणातलं ब्लेड काढलं आणि त्यांच्यादेखत कै. खरवडून टाकलं. रविकांतला बोलावून घेतलं. बिचारा रडायच्या बेतात होता, पण सौ. असं देखणं काढलं की पुढचं नाव त्यापुढं साधं दिसायला लागलं. जयवंताबाईंनी तीनदा वाचलं. चंपतराव ओट्यावर बसून बायकोकडे पाहत राहिले. दोघं गेल्यावर मी कपाटाआड जाऊन रडून घेतलं.

३ डिसेंबर, बुधवार

सातचा पाढा चुकीचा घेतला. पोरांनी सुधारला. नागपूरहून फोन नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

झालं! सगळं नीट झालं! चंपतरावांचा फोन. "शुद्धीवर आली मॅडम. पयलं काय इचारलं सांगू? टीव्ही चालून राह्यला का म्हने!"

चालून राह्यला म्हणावं!

१९ जानेवारी, सोमवार

जयवंताबाई शाळेत येऊन गेल्या. पोरांमध्ये बसून स्वतःचं नाव टाइप केलं. पंधरा मिनिटं लागली. सौ. आधी टाइप केलं, नाव नंतर. चंपतराव बाहेर ओट्यावर. आत या म्हटलं तर म्हणाले, "जरा दम घेतो."

१६ फेब्रुवारी, सोमवार

जयवंताबाई आल्या. एकट्याच. चंपतरावांचं तेरावं होऊन आज आठवडा. शेतातून आले, जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत.

मोकळ्या कपाळानं मॉनिटरसमोर उभ्या राहिल्या. नावावर बोट ठेवलं, पहिल्याच अक्षरावर. "मॅडम, हे खरवडून टाका. हे आता माहं नाही."

ब्लेड सापडत नाही म्हणून सांगितलं.

ब्लेड खणातच आहे.