सुट्टीतली शाळा

बाबा, गुरुवारी मी तुमच्या तलावावर बावीस बाहेरची माणसं घेऊन गेलो होतो. नेपाळचे, बांगलादेशचे, श्रीलंकेचे, आपल्या छत्तीसगढच्या शेजारच्या ओडिशाचे. सगळे आपापल्या सरकारात पुराचं काम पाहणारे. आठवडाभराचं प्रशिक्षण होतं आणि शिकवणारा मी. विषय असा की तलाव, दलदल, नाल्याकाठची झाडं, गवताळ खोलगट जमीन हे सगळं धडधाकट ठेवलं तर पूर आला तरी माणसं बुडत नाहीत. आणि पाणी सरहद्द पाहून वाहत नाही, म्हणून वरच्यांनी आणि खालच्यांनी हे एकत्र बसून शिकावं. तुम्ही असता तर म्हणाला असता, एवढ्यासाठी विमानानं आले का रे हे लोक? हसू नका. पत्र लिहायचं तर शाळेतल्या मराठीत, हा तुमचाच नियम, म्हणून असं लिहितो आहे. मधेच आपली बोली निघाली तर सांभाळून घ्या. सकाळपासून तीनदा उठलो आणि तीनदा बसलो. टेबलावर ऑफिसची एक फाईल आहे. तिच्यावर सोमवारपर्यंत माझा शेरा हवा आहे, आणि ती उघडण्याऐवजी मी तुम्हाला लिहून राहिलो.

प्रशिक्षणात मी तुमचीच बशी वापरतो. आईच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून तुम्ही चहा प्यायचे, कप काठोकाठ भरलेला, थोडा बशीत सांडलेला. मी सातवी-आठवीत असेन. तुम्ही बोट दाखवून म्हणाले होते, ‘‘हे पाय. कप म्हंजे तलाव. सांडलं ते बशीत राह्यलं. आता बशी काढून घेतली तं कुठी जाईन? मह्या धोतरावर.’’ तलावाच्या खालच्या अंगाला दोन डबऱ्या होत्या, पाणकणीस आणि गवत माजलेले दोन उथळ खड्डे. तलाव भरून सांडला की पाणी आधी त्यांत पसरायचं, दोन दिवस थांबायचं, मग हळूहळू नाल्याला लागायचं. त्या डबऱ्यांच्या खाली वस्ती. एवढंच शास्त्र आहे बाबा. बाहेरच्या तज्ज्ञांनी त्याला लांबलचक नावं दिली आहेत, ती मी फळ्यावर लिहितो आणि मग बशीचं चित्र काढतो. चित्र काढलं की सगळे माना डोलावतात.

तुमची नोकरी काय, तर नदीवरच्या पट्टीवर, म्हणजे गेजवर, पाणी किती चढलं ते वाचायचं आणि वायरलेसवरून खालच्या राज्याला कळवायचं. पगारी काम तेवढंच. पण पावसाळ्यात घरी परतताना तुम्ही सायकल मुद्दाम त्या वस्तीतून काढायचे आणि दारोदार सांगायचे, आज सामान वर ठेवा, नाहीतर, आज निजा बिनघोर. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. आई कुरकुरायची, भाकरी थंड होते म्हणून. तुम्ही म्हणायचे, ‘‘खालच्या लोकायले सांगा लागते.’’ त्या लोकांनी तुमचं नावच गेज बाबू ठेवलं. कलेक्टरचा हुकूम एकदा मागेपुढे होईल, पण गेज बाबू म्हणाला पाणी येणार नाही, तर नाही येणार. मला तेव्हा याचा अभिमान होता की लाज, आता सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही.

मला इंजिनियरची नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला सदर बाजारात नेलं. मला वाटलं सूटचं कापड घ्याल. तुम्ही गमबूट घेतले, गुडघ्यापर्यंतचे, काळे. दुकानदार हसला, मी चिडलो. ‘‘पाण्याचं काम कराचं म्हणते अन् पाण्यात पाय नाई टाकत?’’ असं तुम्ही त्याच्यासमोरच म्हणाले. मी ते बूट एकदाही घातले नाहीत. आमच्या खात्यात जमिनीची पाहणी मे महिन्यात होते. आजही होते. तेव्हा जमीन कडक असते, जीप थेट जाते, मोजायची साखळी चिखलात रुतत नाही, आणि जूनच्या आत कागद वर पाठवता येतात. सगळे असंच करतात, कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. तलावाच्या डबऱ्यांची पाहणी मीही मे महिन्यात केली, चामड्याचे बूट घालून. भेगाळलेली माती, दोन बकऱ्या, वाळलेलं गवत. छापील फॉर्मवर एक रकाना होता: पाहणीच्या वेळी पाणी आहे किंवा नाही. मी ‘नाही’ लिहिलं. खाली शेरा दिला, पडीत व कोरडी जमीन. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, हेच तर दुखणं आहे.

तुम्हाला कुणकुण लागली ती वस्तीतूनच. मोठी डबरी भरून तिच्यावर घरं बांधणार, अशी. मी जेवत होतो. आई तव्यापाशी होती. तुम्ही हातपाय न धुताच आत आले. ‘‘तू कधी गेलता पाहाले?’’ मी म्हटलं, मे महिन्यात. तुम्ही शांतपणे बोलले. ‘‘काहून रे, सुट्टीतली शाळा पाहून पोट्टे नाईत म्हणून लिहून देशील? पावसाळ्यात गेलता का नाई?’’ आणि मी म्हटलं, हो. जुलैत परत गेलो होतो, चांगला पाऊस झाल्यावर. पाणी थांबत नाही तिथे, आता तसं राहिलं नाही. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग म्हणाले, ‘‘तू इंजिनियर आहे. पाह्यलं असन तं ठीक आहे.’’ आणि हात धुवायला गेले.

मी गेलो नव्हतो. बाबा, मी जुलैत गेलोच नव्हतो. एकतीस वर्षांचा माणूस बापाच्या एका प्रश्नाला घाबरून खोटं बोलला, आणि तेही भाकरी मोडता मोडता. तुम्ही दुसऱ्याच दिवशी वस्तीतल्या बैठकीत गेले. लोक अर्ज करणार होते, डबरी भरू नका म्हणून. तुम्ही त्यांना सांगितलं, माझा पोरगा पावसात पाहून आला, पाणी येणार नाही. अर्ज तिथेच थांबला. डबरी भरली, घरं झाली. तिसऱ्या पावसाळ्यात वस्तीत कमरेएवढं पाणी शिरलं. तुम्ही गेले होते त्या दिवशी, धोतर खोचून पाण्यात उभे होते असं मला दुसऱ्यांनी सांगितलं. घरी येऊन एकच विचारलं, ‘‘तू पाह्यलं होतं ना?’’ मी म्हटलं, पाहिलं होतं. त्यानंतर तुम्ही वस्तीतून जाणं सोडलं. तात्यापारा मोहल्ल्याकडून लांबचा फेरा घालून घरी यायला लागले. मला काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं, मी भांडलो तरी असतो.

आता त्या फाईलचं. दुसरी डबरी अजून आहे. तलावाचं सौंदर्यीकरण निघालंय: भोवती सिमेंटची भिंत, फिरायला फरशीचा रस्ता, आणि डबरी भरून गाड्या ठेवायला जागा. माझ्या खात्याची हरकत नाही असं लिहून हवं. आधार कोणता? माझीच ती जुनी पाहणी, पडीत व कोरडी जमीन, खाली माझी सही. ती चुकीची होती असं मी लिहिलं तर हे काम अडू शकतं. मग प्रश्न येईल, इतकी वर्षं गप्प का? मोठ्या डबरीचं काय? चौकशी माझ्या नावानं निघेल. आमचा साहेब माझ्याहून वीस वर्षांनी लहान, वाईट नाही. तो म्हणतो, ‘‘सर, आठ महीने बचे हैं आपके. पुराना रिकॉर्ड है ही, एक लाइन लिख दीजिए और चैन से रिटायर होइए.’’ चैन म्हणे. ती डबरी भरली तर ज्या वस्तीत कमरेएवढं आलं तिथे डोक्याएवढं येईल, हे समजायला इंजिनियर लागत नाही.

गुरुवारी त्या बावीस जणांना मी डबरीच्या काठावर उभं केलं. एका हाताला उरलेली डबरी, दुसऱ्या हाताला भरलेल्या डबरीवरची घरं, खाली वस्ती. मी चांगलं शिकवतो बाबा, खोटी नम्रता कशाला. मी सांगितलं, इथे चूक झाली, रेकॉर्डमध्ये ही जमीन कोरडी दाखवली गेली. दाखवली गेली! कोणी दाखवली ते वाक्यातच नाही. बांगलादेशची एक बाई होती, समुद्रकाठी बांधावर झाडं लावण्याचं काम करते. मोडक्या हिंदीत तिनं विचारलं, ‘‘सर, ये सर्वे कौन सा महीना में हुआ था?’’ इतक्या वर्षांत मला हा प्रश्न तुमच्यानंतर कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, रेकॉर्ड देखना पड़ेगा. ती म्हणाली, ‘‘हमारा सब पानी ऊपर से आता है, दूसरा देश से. हम लोग हमेशा यही सोचता है, ऊपर में किसी ने ठीक से देखा कि नहीं.’’ तिनं सहज म्हटलं. मी पाण्याची बाटली उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

मग वस्तीत गेलो. एक म्हातारी आहे, सगळे तिला दाई म्हणजे आई म्हणतात. ती भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा दाखवते, आलेल्यांना मी तिच्याकडे नेतोच. मी कोणाचा मुलगा ते तिला माहीत नाही. तिनं खुणा दाखवल्या आणि आपल्या छत्तीसगढीत म्हणाली, ‘‘गेज बाबू कहे रिहिस, पानी नइ आवय। लबारी मारिस।’’ खोटं बोलला. पाहुण्यांनी मला विचारलं, ती काय म्हणते? मी म्हटलं, दर वर्षी पाणी येतं म्हणते.

हे एवढं शनिवारी लिहून झालं. मुलीनं चहा आणून ठेवला आणि विचारलं, ‘‘पापा, किसको लिख रहे हो?’’ मी म्हटलं, ऑफिसचं आहे. ती मराठी समजते पण वाचत नाही, म्हणून कागद झाकलाही नाही.

आज सोमवार. सकाळी फाईल उघडली. लिहिलं: ही पाहणी मी केली. ती मे महिन्यात केली. पावसाळ्यात केली नाही, तशी केल्याचं तेव्हा तोंडी सांगितलं ते असत्य होतं. दोन्ही डबऱ्यांबद्दलचा ‘पडीत व कोरडी’ हा शेरा मी मागे घेतो, आणि उरलेली डबरी भरण्यास माझी हरकत आहे. हिंदीत लिहिलं, अर्थात. साहेबानं दोनदा वाचलं. ‘‘तोंडी सांगितलं’’ ही ओळ काढा म्हणाला, फाईलशी तिचा काय संबंध? मी म्हटलं, राहू द्या. त्याचा चेहरा उतरला, पण फाईल वर गेली. आता डबरी वाचेल की नाही, मला ठाऊक नाही. कागद वर गेला म्हणजे पाणी अडलं असं नसतं, हे तुमच्या पोराला कळायला हवं एवढी नोकरी झाली.

ऑफिसातून सरळ वस्तीत गेलो. दाई दारात भाजी निवडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, मी गेज बाबूचा मुलगा. त्यांना मी खोटं सांगितलं होतं, त्यांनी ते खरं धरलं आणि तुम्हाला सांगितलं. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. मी तयारीनं गेलो होतो. तिनं हातातली भाजी खाली ठेवली. मग आत तोंड करून सुनेला हाक मारली आणि म्हणाली, ‘‘सुन तो ओ, गेज बाबू लबारी नइ मारे रिहिस।’’ सून बाहेर आल्यावर तेच पुन्हा सांगितलं. शेजारणीला सांगितलं. माझ्याकडे मग तिनं पाहिलंच नाही, बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. ती दारोदार सांगत निघाली आणि मी तिच्या रिकाम्या दारात उभा होतो. मला रडू आलं, पण ते तिथे शोभलं नसतं.

हे पत्र मी घडी करून गमबुटाबिमबुटात ठेवणार नाही, ते बूट केव्हाच भंगारात गेले. ठेवीन कुठेतरी. एक लिहायचं राहिलं. वस्ती तुम्हाला लबाड समजते, हे मला गुरुवारी पहिल्यांदा कळलं असं नाही. तुम्ही वारले त्या दिवशी आई सारखी दाराकडे पाहत होती, त्या वस्तीतून एकही माणूस कसा आला नाही म्हणून. मी तिला म्हटलं, त्यांना कळलं नसेल. कळलं होतं बाबा. निरोप मीच पाठवला होता.