पाऊण मात्रेची धून

६ जानेवारी, सोमवार

वरचे पुढचे सहाच्या सहा दात जाणार! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, हिरड्याच राहिल्या नाहीत. शुगरनं खाल्ल्या." पंचवीस तारखेला काढायचे. नंतर कवळी बसंल, भाकरी खाता येईल. अन् ट्रम्पेट? बाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली. वरच्या दातावर माउथपीस टेकल्याबिगर फुंक लागत न्हाय, हे मी त्यांना काय सांगायचं?

लग्नाच्या बँडात चाळीस वर्षं वाजवलं. सिनेमाची गाणी जाऊ दे, ती सगळीच वाजवत्यात. पण पाठवणीची धून माझी हाय. मी बांधलेली. दात गेले की ती गेली.

७ जानेवारी

राजवीरला म्हटलं, धून शिकून घे. थोरला आमचा. बँड आता तोच चालवतो. त्यानं मोबाईलवर रेकॉर्ड केली, दोनदा ऐकली अन् वाजवली. वाजवली कसली! नवरी उंबऱ्यावर अडती अन् मग झटकन पाऊल टाकती, ते धुनेत हाय — ह्यानं सगळं सपाट केलं. वर म्हणतोय, "आबा, तेच हाय की!"

तेच न्हाय, मुडद्या!

९ जानेवारी

बावड्याला पिराजीकडं गेलतो. मिलिट्री बँडात बावीस वर्षं काढलेला माणूस, कागद बघून वाजवतो. जन्मभर त्याला 'कागदी वाजंत्री' म्हणून चिडवलं. आज त्याच्याच दारात.

म्हणाला, "रेकॉर्ड ऐकून माणूस आपल्या सवयीचंच वाजवतो, सयाजी. कागदावर लिही. ज्यानं तुला कधी ऐकलं न्हाय त्यो बी वाजवंल."

चौसष्टाव्या वर्षी शाळा!

१२ जानेवारी

पिराजी इंग्रजी नोटा शिकवतोय: मिनिम दोन मात्रा, क्रॉचेट एक, क्वेव्हर अर्धी. इथवर ठीक. मग आलं टिंब. नोटेच्या शेजारी दिलं की नोट निम्म्यानं वाढती. डोक्यावर दिलं की तुटक वाजती. आमच्या भजनाच्या वहीत डोक्यावर टिंब म्हंजे वरच्या सप्तकातला सूर! मी सगळी टिंबं डोक्यावर दिली. पिराजी हसून हसून खोकला.

मला रडू आलं. खरंच आलं. गाडी बघून येतो म्हणून बाहेर गेलो.

१३ जानेवारी

न्हाय जमत. डोकं दगड झालंय.

१७ जानेवारी

मी लिहिलेलं पिराजीनं वाजवलं. लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट! नवरी काय परेडला चाललीय?

चूक त्याची न्हाय. कागदावर तसंच लिहिलेलं. म्हंजे चाळीस वर्षं मी काय वाजवतोय ते मलाच ठाऊक न्हाय. हे लई लागलं. जेवण गेलं न्हाय.

१९ जानेवारी

फुंकताना रक्त आलं. बायकोनं, बयाबाईनं, बघितलं. रुमाल तेवढा धुऊन टाकला.

वाजवल्याबिगर मोजता येत न्हाय. वाजवावं तर दात हलत्यात. कुणावर चिडायचं? सहा दिवस राहिले.

२१ जानेवारी

सकाळी पाटावर बोटं आपटत बसलो होतो. बयाबाई भाजी निवडत होती. मी आपला पुटपुटतोय — एका नोटेवर जरा जास्त थांबायचं, मग पुढचं जरा कमी...

"जरा म्हंजी किती?"

"ते कळत असतं तर असं मरत बसलो असतो व्हय!" वरडलोच तिच्यावर.

तिनं मान बी वर केली न्हाय. "वीस वर्षं डेअरीला दूध घातलंय मी. 'जरा' असं कुठलं माप नसतंय. पाव असतंय, न्हायतर पाऊण."

पाऊण!

अरं, शाळेत पाऊणकी घोकली की मी! क्वेव्हरची अर्धी, तिच्या टिंबाचा पाव, झाली पाऊण. पुढं पाव मात्रेची बारकी नोट. पाऊण अन् पाव, एक! अडती ती पाऊण. पाऊल टाकती ती पाव.

एवढंच होतं. अन् मी तिच्यावर वरडलो.

२३ जानेवारी

सगळी पुन्हा लिहिली. सतरा टिंबं. पिराजी म्हणाला, मी आता वाजवत न्हाय, तू मला शिव्या देतोस. त्यानं कागदाचा फोटो काढून मिलिट्री बँडातल्या मेघालयच्या जुन्या जोडीदाराला पाठवला, वाजवून धाड म्हणून. त्या माणसानं मला बघितलेलं न्हाय, मराठी येत न्हाय, इकडची पाठवणी ठाऊक न्हाय.

२४ जानेवारी

त्याचं उत्तर न्हाय. सांजच्याला शेवटची वाजवली. निम्म्यात सोडली.

२५ जानेवारी

काढले. ट्रम्पेट पुसून पेटीत ठेवलं. त्या मेघालयवाल्याचं अजून काय आलं न्हाय. काय तरी चुकलं असणार. आता दुरुस्त करायला वाजवून बघणार कशानं?

संपलं.

२६ जानेवारी

पिराजी मोबाईल घेऊन आला, मेघालयवाल्यानं वाजवून धाडलेलं. बाहेर सोप्यात बसून बटण दाबलं. धून सुरू झाली. आतनं बयाबाई पिठाच्या हातानं पळत आली — "अवो, टाकं तुटतील की! फुंकायचं न्हाय म्हटलंय न्हवं तुम्हाला!"

मी तोंड उघडून कापूस दाखवला.