केडन्सवरचा माझा हक्क

१३ मार्च, बुधवार
पेन्शन आली. पोरीची पोटगी आणि तिची जुनी थकबाकी कापून आली. उरलं ते औषधं आणि कॉफीपुरतं. माणूस अडुसष्टचा झाला की सरकारने जरा लाजायला हवं.
शॉनाचा फोन. माजी बायको कामाशिवाय फोन करत नाही. तिचा नवरा ड्वेन केडन्सला दत्तक घेणार म्हणे. मी बापाचे हक्क सोडून सही द्यायची. स्वच्छ नाही म्हणालो. पोरीचं नाव मी ठेवलंय, कवितेतल्या लयीवरून!

१५ मार्च
हर्शेलकडे केस कापले. म्हणाला, अरे वेड्या, कर की सही! बापच नाही तर पोटगी कसली? थकबाकीपण साफ. माझ्या मेहुण्याचं तसंच झालं.
हर्शेल चाळीस वर्षं लोकांच्या कानाशी बोलतोय. त्याला कायदा कळतो.
शिवाय रक्त काय सहीने बदलतं? पेन्शन पूर्ण मिळाली की उन्हाळ्यात केडन्सला समुद्र दाखवीन. पंधरा वर्षांची झाली, ओहायोबाहेर पडली नाही. म्हणजे सही तिच्यासाठीच.

१६ मार्च, शनिवार
शनिवार आमचा. पॅनकेक खाल्ले. माझ्या लहानपणी शाळेत मिस प्रुइटने पाठ करून घेतलेली नदीची कविता मी तिला म्हणून दाखवली. केडन्स म्हणाली, डॅड, तू दर वेळी तिसऱ्या कडव्यातच अडकतोस. मग बशीत बघत विचारलं, तू सही नाही ना करणार?
म्हणालो, कागदाचं काय घेऊन बसलीस!
तिने बशी बाजूला सारली. पटलं असावं. पोर हुशार आहे.

२५ मार्च
सही केली. कोर्टातली बाई कागद मोठ्याने वाचत होती. दोनदा थांबून म्हणाली, हे नीट ऐका, थकबाकीबद्दल आहे. खिडकीतून नदी दिसत होती. कडवं अगदी ओठांवर आलं होतं, नेमकं तेव्हा तिने विचारलं, समजलं? हो म्हणालो.
अक्षर सुरेख आलं. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्या उगाच नाही.

३० मार्च, शनिवार
केडन्स आली नाही. परीक्षा असेल. तिचेही पॅनकेक मीच संपवले.

७ मे
दत्तकाची सुनावणी. मला बोलावणं नव्हतं. नजरचुकीने राहिलं असणार. टाय लावून गेलो. चार शब्द बोलायचं ठरवलं होतं. दारावरचा शिपाई म्हणाला, यादीत नाव नाही. बाकावर बसलो.
सगळे फुगे घेऊन बाहेर आले. न्यायाधीशबाईंनी केडन्सच्याच हातात हातोडा देऊन तो आपटायला लावला म्हणे. ड्वेनच्या आईने मला कधी पाहिलेलं नाही. माझ्या हातात फोन देऊन म्हणाली, अहो, आमच्या घरच्यांचा एक फोटो काढता का?
काढला. शॉना हसायची थांबली. केडन्स सरळ कॅमेऱ्यात बघत राहिली.
म्हातारी म्हणाली, देव भलं करो तुमचं. फोटो खरंच चांगला आला होता.

१२ जून, बुधवार
पेन्शन आली. तेवढीच. हर्शेलला जाब विचारला. कात्री पुसत म्हणाला, हां, मेहुण्याचेही पैसे कापतातच म्हणा.

१३ जून
पोटगीच्या ऑफिसात गेलो. खिडकीतली बाई म्हणाली, आजोबा, हक्क सुटले, पुढची पोटगी थांबली. मागची राहिलेली तुम्हालाच फेडायची. तेवढीच रक्कम आता जुन्या बाकीत जाते. सही करताना सांगितलं नव्हतं का कोणी?
विचारलं, मग हक्क परत मिळतील?
नाही.
शनिवारची भेट?
ते तिचे आईवडील ठरवतील.
मग तिने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. माझं नाव, शेजारी केडन्स मॅब्री. शाळेत, दवाखान्यात, सगळीकडे तिचं आडनाव बदललंय. इथे अजून माझंच.
विचारलं, हे असं कुठवर राहील?
म्हणाली, बाकी फिटेपर्यंत.
विचारलं, महिन्याला कापता ते जरा कमी करता येईल का?
म्हणाली, का, परवडत नाही?
म्हणालो, परवडतं.