सिंधूच्या घड्याळाचा सेकंदकाटा

११ जानेवारी १९५९, रविवार

मशीन मिळालं! हारुनभाईंच्या पत्र्याच्या डब्यात, बटणं आणि मोडक्या चाव्यांच्या खाली. अस्सल स्वीस, मनगटी, सेकंदकाटा चालवणारं. वर डबी नाही, तबकडी नाही, काटे नाहीत, आतलं एक चाकही गायब. पण बॅलन्सला, म्हणजे आतल्या झुलत्या चाकाला, फुंकर मारली की झोके घेतो. एवढं बस्स!

हारुनभाईंचं स्टेशनरोडला घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दर रविवारी मी तिथेच. चिमटा आणि भिंग धरायला त्यांनीच शिकवलं. म्हणाले, "मास्तर, मशीन अस्सल शे. बाकीनं सोंग तुम्हले उभं करनं पडी."

करूच की. शाळेत चित्रकला शिकवतो, सोंगं उभी करण्यातच आयुष्य चाललंय.

हे सगळं सिंधूसाठी, माझ्या धाकट्या बहिणीसाठी. नवरा गेल्यावर लोणखेड्याला बसून होती. मग हट्टाने धुळ्याला जाऊन नर्सचा कोर्स केला. आता इथे नंदुरबारच्या दवाखान्यात लागली, राहते आमच्याकडे. नाडी मोजायला दवाखान्यात सेकंदकाट्याचं घड्याळ एकच, तेही डॉक्टरांच्या मनगटावर. त्यांनी बजावलंय — महिनाअखेर स्वतःचं आणा, नाहीतर वॉर्ड सोडा आणि पट्ट्या धुवा. नवं स्वीस घड्याळ हल्ली बाजारात दिसत नाही, दिसलं तरी मास्तराला परवडत नाही. म्हणून आपण बनवायचं!

१३ जानेवारी

डबी ठरली, हारुनभाईंच्या मोडीतलीच. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या घड्याळांना असायची तशी — जाड, चांदीची, पट्ट्याला तारेच्या कड्या. मशीन तिच्यात सैल पडत होतं. पितळेची चकती घासून घासून मधे बसवली. बोटं काळी, जेवताना भाकरीसुद्धा काळी.

कौसा म्हणाली, "पोऱ्यासनी पाटी फुटेल शे, ते दिखत नही तुम्हले." बायकोला घड्याळातलं काय कळणार! पाटी उद्या.

१६ जानेवारी

तबकडी झाली. पितळी पत्र्यावर पांढरा रंग, तीन हात, घराच्या धाब्यावर उन्हात वाळवला. आकडे जुन्या घड्याळांसारखे ठसठशीत, पण मराठीत. सातचा पोट सुटलेला शेठजी झाला होता, पुसून पुन्हा काढला. हारुनभाई बघतच राहिले. "असं घड्याळ कोन लेई, मास्तर?" म्हटलं, विकतोय कोण?

१७ जानेवारी

मिनिटकाटा एका घड्याळाचा, तासकाटा दुसऱ्याचा. सेकंदकाटा मात्र माझा! टाचणी ठोकून, कानशीने घासून केला आणि कौसाच्या तव्यावर तापवून निळा केला. मोरपिशी निळा. कौसा तवा घासत बसली आहे आणि माझ्याशी बोलत नाही.

१८ जानेवारी, रविवार

चालतंय! चालतंय! चालतंय!

हारुनभाई खापर गावाला लग्नाला गेलेत. दुकानाची चावी माझ्याकडे होती. गायब चाकासाठी सगळे डबे उपसले. त्याच कंपनीचं काही सापडेना. दुसऱ्या कंपनीचं एक निघालं, थोडं घट्ट, पण बसलं. चावी दिली आणि टिकटिक सुरू! एकटाच हसत बसलो. समोरच्या पानवाल्याला वाटलं असेल, मास्तर गेले कामातून.

१९ जानेवारी

तासाला चार मिनिटं मागे पडतंय. एवढंच ना? बालकमानी, म्हणजे बॅलन्सची बारीक स्प्रिंग, जरा आखूड केली की बॅलन्स भरभर झुलतो. कापली.

२० जानेवारी

अजून जरा कापली. केसाएवढी ती कमानी. पण जमलं.

२२ जानेवारी

दोन दिवस सकाळ-संध्याकाळ स्टेशनच्या घड्याळासमोर उभा राहून ताडून पाहिलं. मिनिटाचा फरक नाही! हमालसुद्धा विचारायला लागले, मास्तर, कोणत्या गाडीने जायचंय?

सिंधूला दिलं. मनगटावर बांधलं, मग कानाशी धरून बसली. "भाऊ, येना आवाज कितला गोड शे." डोळे भरून आले तिचे. माझेही आले, लिहायला काय लाज.

२४ जानेवारी

दुपारी सिंधू तोंड पाडून आली. "भाऊ, आज सगळा पेशंट मंद पडी गयात."

डॉक्टरांनी मोजली तर नाडी बहात्तर, हिने मोजली तर सदुसष्ट. प्रत्येक खाटेवर तेच. डॉक्टर रागावले नाहीत, म्हणाले, अजून आठवडा आहे. मी म्हटलं, तुझं मोजायला चुकत असेल. मग मात्र भडकली. "मन्ही मोजनी चूक नही. बठ आठे, आन देख." मला समोर बसवलं, घड्याळ पुढ्यात ठेवलं. सेकंदकाट्याने फेरा पुरा केला आणि मिनिटकाटा अजून रेघेवर आलेलाच नाही! पुन्हा तेच. पुन्हा तेच.

दोन दिवस स्टेशनसमोर उभा राहिलो आणि हे दोन काटे एकदाही जोडीने पाहिले नाहीत. परक्या चाकाला दात जास्त, म्हणून सेकंदकाटा घाईत; त्याचं मिनिट लवकर संपतं आणि ठोके कमी भरतात. कमानी कापून मी मिनिटकाटा ताळ्यावर आणला आणि खुश झालो. ज्या काट्यासाठी एवढा खटाटोप, नेमका तोच खोटा!

जेवलो नाही.

२५ जानेवारी, रविवार

हारुनभाई परत आले. उघडून पाहिलं, भिंग काढलं आणि पोट धरून हसले. "रोग चाकले, आन कापी टाकी तुम्ही कमानी!" मग माळ्यावरून जुन्या घड्याळांच्या मढ्यांची पेटी काढली. तिच्यात याच कंपनीचं एक गंजलेलं मशीन. त्याचं चाक शाबूत, कमानीही शाबूत! दुपारभर दोघं डोक्याला डोकं लावून बसलो होतो, चहा तसाच गार झाला. आता सेकंदकाटा साठावर आणि मिनिटकाटा रेघेवर. एकदम. शंभरदा पाहिलं असेल.

२८ जानेवारी

जिंकलो! डॉक्टरांनी आपलं घड्याळ आणि सिंधूचं शेजारी ठेवून सगळ्या वॉर्डाची नाडी मोजली. दोन्हींत तसूभर फरक नाही. सिंधूला वॉर्ड मिळाला. डॉक्टर विचारत होते, मराठी आकड्यांचं हे घड्याळ कुठल्या कंपनीचं? सिंधूने सांगितलं, "मन्हा भाऊनी." जिलबी आणली. कौसा बोलायला लागली.

३१ जानेवारी

सिंधूला वेडच लागलंय. ओसरीवर बसून सगळ्या आळीची नाडी मोजते. पोरांची, कौसाची, शेजारच्या भिकुबाईंची. भिकुबाई मोजून झाल्यावर विचारतात, "मी जित्ती शे ना?" हसून हसून पुरेवाट. शेवटी मला बसवलं. मोजली. म्हणाली, हलू नकोस, पुन्हा मोजते. मग उठून चुलीकडे गेली. दमली असेल.

पुढचं घड्याळ मनात तयार आहे! या वेळी काळी तबकडी.

२ फेब्रुवारी

सिंधूने दवाखान्यात बोलावून घेतलं. डॉक्टरांचं घड्याळ मागून आणलं, आपलं शेजारी ठेवलं आणि माझं मनगट धरलं. मधेच ठोका गळतो म्हणे, मग दोन एकदम येतात. उद्या मला घेऊन धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचं म्हणते. कौसाला अजून सांगितलेलं नाही. मी म्हटलं, चाकच पुन्हा बिघडलं असेल, दे इकडे, उघडून बघतो. तिने हात सोडला नाही.

"भाऊ, घड्याळ बरोबर शे."